कामोणी-गटाचे वर्गीकरण : एकात्मिक पुराव्यांची आवश्यकता

सारांश : बाह्यलक्षणांत अत्यंत साम्य असणाऱ्या वनस्पती-जाती केवळ एका प्रकारच्या पुराव्यावरून वेगळ्या करणे अनेकदा अशक्य असते. प्रस्तुत लेखात सोलॅनम नायग्रम या जातिसमूहाच्या आधारे बाह्यरूप, गुणसूत्रे, संकर-प्रयोग व डीएनए या पुराव्यांचा परस्परसंबंध स्पष्ट केला आहे.

बीजशब्द : वर्गीकरणशास्त्र, जातिसमूह, बहुगुणितता, डीएनए बारकोडिंग, संदर्भ-नमुना.

प्रस्तावना

शेताच्या बांधावर, उकिरड्याजवळ आणि पडीक जागी सहज उगवणारी कामोणी सर्वपरिचित आहे. आयुर्वेदात ती काकमाची या नावाने औषधी मानली जाते; काही भागांत तिच्या पाल्याची भाजीही करतात. महाविद्यालयीन वनस्पतिसंग्रहांत ती बहुधा सोलॅनम नायग्रम या एकाच नावाने नोंदलेली आढळते. या नावाखाली मात्र एकाहून अधिक जाती एकत्र आलेल्या असू शकतात. लिनियसने १७५३ मध्ये हे नाव देताना त्यातील विविध रूपे उपप्रकार म्हणून मांडली. पुढे १७६८ मध्ये मिलरने सोलॅनम व्हिलोसम व सोलॅनम अमेरिकॅनम या स्वतंत्र जाती वर्णिल्या. तेव्हापासून या समूहाच्या सीमांविषयी अभ्यासकांत मतभेद होत राहिले.

बाह्यरूपाचा पुरावा व त्याच्या मर्यादा

व्हिलोसमची पिकलेली फळे पिवळी, नारिंगी वा तांबडी असतात, त्यामुळे ती तुलनेने लवकर ओळखता येते. खरी अडचण काळ्या फळांच्या दोन जातींची आहे. अमेरिकॅनमची फुले देठाच्या टोकाशी जवळजवळ एकाच बिंदूतून निघतात, परागकोश साधारणतः १.५ मि.मी. पर्यंतच असतात, फळ चकचकीत असते आणि फळावरील निदले मागे वळलेली असतात. नायग्रममध्ये फुले देठावर थोड्या अंतराने येतात, परागकोश अधिक लांब असतात आणि फळ निस्तेज दिसते.

ही लक्षणे उपयुक्त असली तरी नि:संदिग्ध नाहीत. पानांचा आकार, कडांची दंतुरता व लव ही लक्षणे ऊन, पाणी व जमीन यांनुसार बदलतात. नायग्रमच्या काही झाडांची फळे पिकल्यावरही हिरवी राहतात, त्यामुळे रंगावर विसंबणे धोक्याचे ठरते. शिवाय शुष्क नमुन्यात फळाचा रंग व चकाकी दोन्ही नष्ट होतात.

गुणसूत्रे व संकर-प्रयोग

या ठिकाणी पेशीविज्ञान निर्णायक साहाय्य करते. या समूहाची मूलसंख्या १२ आहे. अमेरिकॅनम द्विगुणित (२४ गुणसूत्रे), व्हिलोसम चतुर्गुणित (४८) आणि नायग्रम षट्गुणित (७२) आहे. भारतातील अभ्यासांत हे तिन्ही स्तर आढळले आहेत. गुणितता वाढते तसा परागकण व पर्णरंध्रे यांचा आकारही सामान्यतः वाढतो, म्हणून प्रत्यक्ष गुणसूत्रगणना शक्य नसेल तेव्हा हे मापन अप्रत्यक्ष निर्देशक ठरते.

केवळ संख्येने मात्र जात ठरत नाही. आफ्रिकेत पालेभाजी म्हणून लावली जाणारी सोलॅनम स्कॅब्रम हीदेखील ७२ गुणसूत्रांचीच, परंतु वेगळी जाती आहे. येथे संकर-प्रयोगांची मदत होते. अमेरिकॅनम व व्हिलोसम यांच्या संकरातून वंध्य त्रिगुणित झाड मिळते. त्याची गुणसूत्रे दुप्पट केल्यास नायग्रमशी साम्य असणारे षट्गुणित झाड तयार होते. यावरून नायग्रमची उत्पत्ती या दोन जातींच्या संकरातून झाली असावी, या मताला बळ मिळाले. एक जाती आपल्या दोन्ही पूर्वजांसारखी का दिसते, याचा उलगडाही त्यामुळे होतो.

डीएनएचा पुरावा

२००९ मध्ये वनस्पतींच्या बारकोडिंगसाठी आरबीसीएल व मॅटके या हरितकणूतील दोन जनुकांची शिफारस करण्यात आली. प्रजाती ओळखण्यास ती बरीच उपयोगी आहेत. परंतु हरितकणू सामान्यतः मातेकडूनच येत असल्याने संकरोद्भव जातीत पित्याचा वारसा त्यांतून दिसत नाही. म्हणून केंद्रकातील डीएनएची जोड आवश्यक ठरते. तसेच डीएनएचा अनुक्रम ज्या संदर्भ-अनुक्रमाशी ताडून पाहावयाचा, त्याच्या मूळ नमुन्याचे नाव चुकीचे असेल, तर निष्कर्षही चुकतो.

पुराव्यांचा समन्वय

२००५ मध्ये डेरॅट यांनी एकात्मिक वर्गीकरणाची संकल्पना स्पष्टपणे मांडली. तिचे मर्म पुराव्यांच्या बेरजेत वा बहुमतात नाही. दोन पुरावे विसंगत असतील, तर त्या विसंगतीचे जैविक कारण शोधणे हेच अभ्यासकाचे काम आहे. बाह्यरूप भिन्न पण गुणसूत्रे व डीएनए समान असतील, तर परिस्थितीजन्य बदलाची शक्यता प्रथम तपासावी. हरितकणूचा डीएनए एका जातीशी आणि केंद्रकाचा दोन जातींशी जुळत असेल, तर संकराचा विचार करावा. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जुन्या जगातील कामोणी-गटाच्या पुनरीक्षणात १९ जाती मान्य करण्यात आल्या. यावरून या गटाची व्याप्ती लक्षात येते.

व्यावहारिक महत्त्व

हा प्रश्न केवळ नावापुरता नाही. या गटात सोलासोनिन, सोलामार्जिन यांसारखी ग्लायकोअल्कलॉइडे असतात आणि कच्च्या फळांत त्यांचे प्रमाण अधिक असते. नायग्रम म्हणून तपासलेली वनस्पती वस्तुत: अमेरिकॅनम असेल, तर तिच्या रासायनिक वा औषधी गुणांचे निष्कर्ष दुसऱ्या प्रयोगशाळेतील निष्कर्षांशी ताडून पाहता येत नाहीत. रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र व औषधनिर्माणशास्त्र या विभागांनाही ही बाब तितकीच लागू आहे.

समारोप

सर्व साधने प्रत्येक महाविद्यालयात उपलब्ध नसतात. तरीही फुलाफळांसह नमुना घेणे, फळाचा रंग व चकाकी जागेवरच नोंदविणे, परागकोश व परागकण मोजणे आणि कोवळ्या कळ्यांवरून ॲसिटोकार्मिनच्या साहाय्याने गुणसूत्रे मोजणे ही कामे पदवी स्तरावरील प्रयोगशाळेतही होऊ शकतात. डीएनए-परीक्षण अन्यत्र करून घेता येते. मात्र ते ज्या झाडाचे केले, त्याच झाडाचा संदर्भ-नमुना संग्रहात जतन झाला पाहिजे. सर्व पुरावे एकाच झाडाचे असतील तरच त्यांचा समन्वय साधता येईल आणि पुढील अभ्यासकाला आपला निर्णय पुन्हा तपासता येईल.