बेतवेच्या बेटावर एक दिवस : ओरछाची गिधाडे मऊरानीपुरच्या गोठ्यांवर का अवलंबून?

मऊरानीपुर (झाशी) : सुखनई नदीकाठच्या या विणकरांच्या गावातून सकाळी निघून, जंगल पायी पाहून संध्याकाळी घरी परतायचे असेल, तर त्यासाठी सोयीचे ठिकाण शेजारच्या राज्यात आहे. मध्य प्रदेशातील निवाडी जिल्ह्यातले ओरछा अभयारण्य येथून सुमारे ६० किलोमीटरवर असून झाशी-माणिकपूर लोहमार्गावर दोन्ही गावांची स्थानके आहेत. रस्ता बरुआसागरवरून जातो. १८५७ मध्ये मऊरानीपुर आणि बरुआसागर घेत ओरछाची फौज राणी लक्ष्मीबाईंच्या झाशीवर चालून आली होती, ती याच टापूतून.

१९९४ मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य जेमतेम ४५ चौरस किलोमीटरचे आहे. बेतवा आणि जामनी या नद्यांनी वेढलेले ते एक बेटच होय. ओरछा गावातून बेतवेवरील अरुंद, सखल पूल ओलांडला की जंगल सुरू होते. चितळ, नीलगाय, रानडुक्कर, वानर आणि मोर येथे दिसतात; मात्र वाघाच्या आशेने येणाऱ्याने दुसरीकडे जावे हे बरे. येथील खरे वैभव खडक, झाडे आणि पक्षी यांत आहे.

पायांखालचा खडक बुंदेलखंडी ग्रॅनाइटचा. मऊरानीपुरच्या परिसरात याच भूखंडाचे ३०० कोटी वर्षांहून जुने खडक उघडे पडलेले असून भूशास्त्राच्या ग्रंथांत या गावाचे नाव त्यामुळेच येते. अशा उथळ मातीत तग धरणारे झाड म्हणजे करधई, आपल्याकडील धावड्याचे भाऊबंद. उन्हाळ्यात ते वाळल्यासारखे दिसते, पण हवेत ओलावा येताच त्याला पालवी फुटू लागते. जोडीला तेंदू आणि पळस आहेतच.

चालणाऱ्याचे लक्ष मात्र पुनःपुन्हा मागे, नदीपलीकडे जाते. बेतवेच्या काठी बुंदेला राजांच्या उंच छत्र्या उभ्या आहेत आणि त्यांच्या कोनाड्यांत, शिखरांच्या खोबणींत लांब चोचीची गिधाडे घरटी करतात. हा पक्षी मुळात कड्याकपारींतला. सपाट माळरानात कडे नाहीत, तेव्हा दगडी वास्तूच त्याचे कडे झाल्या. मादी वर्षाला एकच अंडे घालते. त्यामुळे एक प्रौढ पक्षी गमावला तर ती तूट भरून यायला वर्षे लागतात.

१९९० च्या दशकापासून देशभरात या जातीची संख्या ९५ टक्क्यांहून अधिक घटली. कारण होते डायक्लोफेनॅक, गुरांना दिले जाणारे वेदनाशामक. औषध दिलेले जनावर लवकरच मेले आणि गिधाडाने ते खाल्ले, तर त्याची मूत्रपिंडे निकामी होतात. पशुवैद्यकीय वापरासाठी या औषधावर २००६ मध्ये बंदी आली. त्यानंतर माणसांच्या औषधाच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोहोचत राहिल्याने २०१५ मध्ये कुपीची मर्यादा ३ मिलिलिटरवर आणण्यात आली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक यांच्या पशुवैद्यकीय वापरावरही बंदी घालण्यात आली. मेलॉक्सिकॅम हा गिधाडांना सुरक्षित ठरलेला पर्याय आहे.

येथेच मऊरानीपुरचा संबंध येतो. गिधाड अन्नाच्या शोधात एका दिवसात पन्नास-साठ किलोमीटर सहज फिरते. ४५ चौरस किलोमीटरच्या कुंपणात त्याचे पोट भरत नाही. पीक निघाल्यावर गुरे मोकळी सोडण्याची ‘अन्ना प्रथा’ बुंदेलखंडात आहे, आणि शिवारात मरणारे जनावर हेच गिधाडांचे अन्न. वनखात्याचा पहारा कितीही चोख असला, तरी आजारी म्हशीला कोणती सुई टोचली हे ठरते ते अभयारण्याबाहेर, एखाद्या गावच्या गोठ्यात आणि तेही राज्याची सीमा ओलांडून.

भटकंतीसाठी नोव्हेंबर ते मार्च हा काळ उत्तम. घरट्यांतील हालचालही याच दिवसांत दिसते. गिधाडे तापलेल्या हवेच्या झोतावर वर चढतात. म्हणून सकाळी ती छत्र्यांवर बसलेली आणि ऊन वाढल्यावर बेटावर घिरट्या घालताना आढळतात. परवान्याशिवाय प्रवेश नाही, आत आग पेटवणे हा गुन्हा आहे. घरट्यांखाली गोंगाट करणे किंवा छत्र्यांच्या जिन्यांवरून त्यांच्याजवळ जाणे टाळावे. पावसाळ्यात बेतवेला पूर आला की पूल पाण्याखाली जातो आणि बेटाची वाट बंद होते.