भरतीची धाव आणि बुटाचा नंबर

गारगोटीच्या आसपास पहाटे रस्त्यावर आलं की भरतीच्या तयारीतली मुलं-मुली धावताना दिसतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, अग्निवीरसाठी १.६ किलोमीटर. काही सेकंदांवर गुण ठरतात, म्हणून खुराकाची चर्चा भरपूर होते. बुटाचा नंबर मात्र दहावीत असताना जो होता, तोच दुकानात सांगितला जातो.

मुळात नंबर म्हणजे फक्त लांबी. आपल्याकडे सर्रास चालणाऱ्या ब्रिटिश पद्धतीत एका नंबराचा फरक साधारण साडेआठ मिलिमीटरचा. रुंदीबद्दल तो काहीच सांगत नाही, आणि आपली खरी अडचण तिथंच आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातल्या लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजले, तेव्हा भारतीयांचे पाय सर्वसाधारणपणे रुंद असल्याचं दिसलं. बाजारातले बूट मात्र ब्रिटिश, युरोपीय किंवा अमेरिकी मापांवर बेतलेले. मग चवडा आवळला की आपण एक नंबर मोठा घेतो. चवड्याला जागा मिळते, पण टाच आत सरकू लागते. घासून फोड येतात. बूट जिथं वाकायला हवा त्याच्या पुढं वाकतो. टाच धरून ठेवायला नाडी करकचून आवळली की पायाच्या वरच्या बाजूला कळ येते. चवड्यात रुंद असलेला दुसरा बूट शोधणं हा त्यावरचा उपाय. मोठा नंबर नव्हे.

माप घरीच घेता येतं. दिवसभरात पाय थोडा सुजतो, म्हणून संध्याकाळी घ्यावं, आणि बसून नव्हे, उभं राहून. टाच भिंतीला टेकवून कागदावर दोन्ही पायांची आखणी करा. दोन पाय क्वचितच सारखे असतात. मोठ्या पायाचं माप धरायचं. अनेकांचं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं, तेव्हा सर्वांत लांब बोटापर्यंत मोजा.

दुकानात धावायचेच मोजे घालून जावं. बुटातला सुखतळा बाहेर काढून त्यावर उभं राहावं: चवडा दोन्ही बाजूंनी बाहेर येत असेल तर तो बूट आपला नाही. लांब बोटापुढं अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. आपला भाग चढउताराचा. उतारावर पाय पुढं घसरतो, बोटं बुटाच्या टोकावर आपटतात आणि नखं काळी पडतात. नाडी बांधल्यावर टाच उचलून पाहा, ती बुटातून सुटता कामा नये. ‘वापरून वापरून सैल होईल’ हे चामड्याच्या कोल्हापुरीला शोभतं. धावायच्या बुटाला नाही.

आता वेगळ्या विकत मिळणाऱ्या सुखतळ्यांबद्दल. तळवे सपाट असणाऱ्या मुलांना वैद्यकीय तपासणीची धास्ती असते, आणि ‘कमान तयार करणारा’ सुखतळा त्यांच्या गळ्यात मारणं सोपं जातं. सुखतळा पायाला आधार देतो, काहींचं दुखणं कमी करतो. हाडांची ठेवण बदलत नाही. शिवाय तपासणी अनवाणी होते. सपाट तळवा म्हणजे नापासच, असंही नाही. एनडीएच्या प्रसिद्ध निकषांनुसार चवड्यावर उभं राहिल्यावर कमान पुन्हा दिसत असेल, चवड्यावर नीट धावता येत असेल आणि पाय लवचिक व वेदनारहित असतील, तर उमेदवार चालतो. आपापल्या भरतीचे निकष जाहिरातीत वाचावेत, पण आरशासमोर चवड्यावर उभं राहून पाहायला पैसे पडत नाहीत. नवा सुखतळा घेतलाच तर बुटातला मूळचा काढून मगच घाला. एकावर एक ठेवले की चांगला बसणारा बूटही आवळतो.

तळव्याच्या आकारानुसार बूट निवडावा, हा सल्लाही दुकानांत ऐकायला मिळतो. अमेरिकेत लष्कर, हवाई दल आणि मरीनच्या प्रशिक्षणार्थींवर याची पद्धतशीर चाचणी झाली. तसे बूट दिल्यानं दुखापतींत म्हणण्याजोगा फरक पडला नाही. त्यामुळे माप नीट बसतंय आणि पायाला आराम वाटतोय, या दोन गोष्टींवर निवड करावी. महागड्या नावावर नको.

आणि काही दुखणी बुटाची नसतातच. भरतीची तारीख लागली की अंतर एकदम दुप्पट करणाऱ्यांच्या नडगीला कळा येतात. नडगीवर किंवा पायाच्या हाडावर बोटानं दाखवता येईल अशी एकच जागा दुखत असेल, विश्रांती घेतानाही ठणकत असेल, तर ती हाडाची बारीक चीर असू शकते. धावणं थांबवून ग्रामीण रुग्णालयात दाखवावं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये ती चीर अनेकदा दिसत नाही. रिपोर्ट चांगला आला आणि दुखणं तसंच राहिलं, तर डॉक्टरांकडे पुन्हा जावं.