डुकरांवरचा प्रयोग आणि ए/बी टेस्टिंग: ब्रुसेलोसिस सोप्या भाषेत

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पण मूळ गाव अकोला जिल्ह्यातलं पातूर. मागच्या महिन्यात आमच्या काकांची म्हैस सातव्या महिन्यात गाभडली. लगेच फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड आला: 'मोकाट डुकरांमुळे जनावरं गाभडतात.' काका म्हणाले, "डुकराचा रोग म्हशीले कायले होईन?" खरं काय? चला, समजून घेऊ.

जंतू कोणता?

या रोगाचं नाव ब्रुसेलोसिस, आणि तो ब्रुसेला नावाच्या बॅक्टेरियामुळे होतो. गाई-म्हशींत मुख्यतः ब्रुसेला अबॉर्टस, शेळ्या-मेंढ्यांत मेलिटेन्सिस आणि डुकरांत सुइस. डेन्मार्कच्या बर्नहार्ड बँग यांनी 1897 मध्ये गाईंतला जंतू शोधला, तर 1914 मध्ये अमेरिकेत जेकब ट्रॉम यांना तो गाभडलेल्या डुकराच्या पिल्लांत सापडला.

डुकरांत हा जंतू नराच्या वीर्यातूनही पसरतो. नराचे अंडकोष सुजू शकतात, मादी गाभडते किंवा गाभणच राहत नाही. कधी गर्भ इतक्या लवकर पडतो की पाळणाऱ्याला कळतही नाही, मादी फक्त परत माजावर येते. आपल्या भाषेत, अ‍ॅप बंद पडलं पण एररच दिसला नाही!

कारण सिद्ध कसं करतात?

मादी गाभडली आणि अंगात जंतू सापडला, एवढ्याने कारण ठरत नाही. चारा, ऊन, दुसरा रोग, काहीही असू शकतं. म्हणून संशोधक आपल्या ए/बी टेस्टिंगसारखंच करतात:

1. सगळ्या माद्या आधी तपासून निगेटिव्ह आहेत ना, ते बघायचं.
2. वय, खाद्य, गोठा सारखा ठेवून दोन गट करायचे. एकाला जंतू द्यायचा, दुसऱ्याला नाही.
3. गट पूर्ण वेगळे ठेवायचे, नाहीतर डेटा लीक होतो.
4. किती गाभण राहिल्या, किती गाभडल्या, किती पिल्लं झाली, ते मोजायचं.
5. आजारी गटात तोच जंतू परत सापडतो का, ते बघायचं.

दोन-चार जनावरांवर निष्कर्ष काढायचा नाही. दोन युजरवर फीचर पास करतो का आपण?

मग काका बरोबर की फॉरवर्ड?

डुकरांतली जात गाई-म्हशींनाही लागू शकते, पण त्यामुळे गाभपात क्वचितच होतो. म्हणजे काका बरेचसे बरोबर. पण म्हशीला ब्रुसेलोसिस आहे की नाही, हे रक्ततपासणीच सांगते. रोज बंगाल टेस्टमध्ये रक्तातल्या पाण्याच्या थेंबात गुलाबी द्रव मिसळतात. गुठळ्या झाल्या तर पॉझिटिव्ह, पण खात्रीसाठी दुसरी टेस्ट लागते. आणि गाभडल्यावर लगेच केलेली टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते. आमच्या म्हशीचंही तसंच आलं, डॉक्टरांनी तीन आठवड्यांनी परत बोलावलंय.

खरी काळजी काकांची होती. त्यांनी मेलेलं रेडकू उघड्या हातांनी उचललं होतं. हा रोग माणसालाही होतो: येणारा-जाणारा ताप, घाम, सांधेदुखी. म्हणून हातमोजे घाला, पडलेला गर्भ आणि वार खोल पुरा, दूध उकळूनच प्या. ताप आला तर डॉक्टरांना जनावराबद्दल नक्की सांगा.

फोनचा उपयोग काय?

2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात 4 ते 8 महिन्यांच्या गाई-म्हशींच्या मादी वासरांना आयुष्यात एकदाच लस देतात. डुकरांना ती देत नाहीत. जनावराच्या कानातला 12 अंकी टॅग म्हणजे डेटाबेसमधली त्याची आयडी, त्यावर लसीची नोंद होते. घरच्या जनावराच्या टॅगचा फोटो काढून ठेवा. जनावर गाभडलं तर फॉरवर्ड करण्याआधी 1962 वर फोन करा.

काकांना मी एवढंच सांगितलं: "तीन आठवडे थांबा, अन् तोवर दूध उकळूनच." हा लेख घरी गुरं असलेल्या मित्राला नक्की पाठवा.