ट्रॅक्टरचं ऑइल गळतंय? आधी इंजिन पुसा!

शेतकरी बंधूंनो, ट्रॅक्टर उभा केलेल्या जागी सकाळी ऑइलचे दोन-चार थेंब दिसतात. आपण म्हणतो, ‘चालायचंच!’ पण थेंबाथेंबानं ऑइल कमी झालं, तर ऐन पेरणीत बेअरिंग धरतं आणि एका पॅकिंगपायी इंजिन खोलायची पाळी येते.

लक्षात ठेवा, थेंब पडतो तिथंच गळती असते असं नाही. ऑइल वरून ओघळत खाली येतं. म्हणून इंजिन थंड असताना डिझेलच्या फडक्यानं पुसून कोरडं करा. संशयाच्या जागी अंगाला लावायची पावडर भुरभुरवा. दहा मिनिटं इंजिन चालवा, बंद करा आणि बॅटरीच्या उजेडात पाहा. पावडर सर्वांत वर जिथं ओली, तिथंच गळतीचं मूळ.

टॅपेट कव्हरखालून येत असेल, तर बोल्ट थोडे थोडे, सारखे आवळा. जोर केला तर कव्हर वाकतं, पॅकिंग चिरडतं. तरी थांबलं नाही, तर जुनं पॅकिंग खरवडून नवं बसवा. ड्रेन प्लग पाझरत असेल, तर ऑइल बदलताना वायसर नवा टाका. ब्रीदर तुंबला असल्यास साफ करा. आतला दाब वाढला की नवं पॅकिंगही गळतं.

क्लच हाउसिंगच्या बाजूनं गळत असेल, तर ते सीलचं काम, मिस्त्रीकडंच द्या.

आणि रोज सकाळी, सपाट जागेवर, इंजिन सुरू करण्याआधी गेजकाडी पाहा. ऑइल दोन खुणांच्या मध्येच हवं. काढलेलं ऑइल मात्र विहिरीजवळ ओतू नका!