तारीख शोधू नका, माहिती पुरते का ते पाहा!

काकूंचा वाढदिवस मे महिन्यात कोणत्या तारखेला? पुतण्याला पक्के आठवते, १२ मेनंतर पण १६ मेच्या आधी. पुतणी म्हणते, १४ नंतर पण १८ च्या आधी. दोघांचेही बरोबर आहे. बँकांच्या परीक्षा देणाऱ्या मुला-मुलींना हा प्रश्न ओळखीचा वाटेल. पुतण्याच्या सांगण्यावरून १३, १४, १५ या तारखा निघतात. पुतणीच्या सांगण्यावरून १५, १६, १७. एकट्या कुणाच्या शब्दावर भागत नाही. दोन्ही जोडले की १५ तेवढी उरते.

गंमत अशी, की परीक्षकाला ती १५ तारीख नकोच असते! त्याला विचारायचे असते ते एवढेच : पहिले विधान एकटे पुरते का, दुसरे पुरते का, कोणतेही एक चालेल का, दोन्ही लागतात का, की दोन्ही मिळूनही माहिती अपुरीच आहे? हुशार मुलेसुद्धा आकडेमोड पुरी करण्यात वेळ घालवतात. अंदाजाने ठोकून द्यावे, तर चुकीच्या उत्तरापायी त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा कापला जातो.

वारांचे प्रश्न जास्त फसवे. साधे वर्ष म्हणजे ५२ आठवडे आणि वर १ दिवस. त्यामुळे तीच तारीख पुढच्या वर्षी एक वार पुढे सरकते. मध्ये २९ फेब्रुवारी आली तर दोन. १५ ऑगस्ट १९४७ ला शुक्रवार होता, १९४८ मध्ये त्याच तारखेला रविवार आला.

आता समजा, एका वर्षी १ मार्चला कोणता वार, असे विचारले. पहिले विधान : त्या वर्षी १ जानेवारीला सोमवार होता. दुसरे : ते लीप वर्ष होते. घाईत पहिले विधानच पुरेसे वाटते. पण साध्या वर्षी गुरुवार येतो आणि लीप वर्षी शुक्रवार, म्हणजे दोन्ही विधाने हवीत. मात्र विधानात नुसता वर्षाचा आकडा दिला असता, तर तेवढ्यावरच काम झाले असते. फक्त १९०० लीप नव्हते आणि २००० होते, हे विसरायचे नाही. शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग जावा लागतो.

नेहमीची चूक वेगळीच असते. दुसरे विधान तपासताना पहिले डोक्यात घोळत राहते. ते तेवढ्यापुरते बाजूला ठेवावे. परीक्षेच्या खोलीत भिंतीवर कालनिर्णय नसते, पण बोटांवर वार मोजायला कोण अडवतो?

३१ दिवसांच्या एका महिन्याची १ तारीख कोणत्या वारी? पहिले विधान : त्या महिन्यात ५ रविवार होते. दुसरे : शुक्रवार ४ च होते. पहिल्यावरून शुक्रवार, शनिवार किंवा रविवार. दुसऱ्याने शुक्रवार गळतो, तरी शनिवार आणि रविवार राहतातच. एवढी मेहनत केल्यावर ‘माहिती अपुरी’ या पर्यायावर खूण करायला हात धजत नाही, पण उत्तर तेच आहे.