नदीकाठची वाट आणि पडवीतली सायकल



हा लेख वाचण्याआधी एक काम करा. पडवीत, गोठ्याच्या माळ्यावर किंवा पेंढ्याच्या उडवीमागे एखादी जुनी सायकल पडली आहे का, ते पाहून या. बहुतेक घरांत असते. चाकांतली हवा गेलेली, सीटवर कोंबडी बसलेली, हॅण्डलला दोर नाहीतर रिकामी पिशवी अडकवलेली. ती भंगारवाल्याला देऊ नका.

मी पेशाने शेतीखात्याचा माणूस. भाताचे खत, वालावरचा मावा, नाचणीची लावणी हे माझे नेहमीचे विषय. आज सायकलवर लिहितो आहे, त्याला कारण आहे. दापोलीहून कृषी पदवी घेऊन मी महाड-पोलादपूर भागात नोकरीला लागलो, तेव्हा कॅरिअरला बियाण्याची पिशवी बांधून सायकलनेच गावोगाव फिरत असे. पुढे मोटारसायकल आली, सायकल खुंटीला गेली आणि पोट पुढे आले. पन्नाशीत रक्तातील साखर वाढली. डॉक्टर म्हणाले, "भाऊसाहेब, तुम्ही शेतकऱ्यांना सल्ला देता, आता माझा ऐका. अंग हलवा." मी मान डोलावली आणि मोटारसायकलला किक मारून घरी आलो.

सायकल पुन्हा हाती आली ती पुरामुळे. 22 जुलै 2021 रोजी महाडात पाणी शिरले. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. तो दिवस या तालुक्यात कोणी विसरणार नाही. माझी मोटारसायकल गाळात बुडाली, इंजिनात चिखल गेला. सायकलही बुडाली होती. पण तिला धुतले, पुसले, चेनीला शिलाईयंत्राचे तेल सोडले आणि ती चालू लागली. पंचनाम्यांचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मी निघालो. रस्त्यावर झाड आडवे पडले की सायकल खांद्यावर घ्यायची आणि पलीकडे उतरायचे. त्या आठवड्यात माझ्या ध्यानात आले की हमरस्त्याच्या आजूबाजूला, नदीच्या कडेने, वाड्यांना जोडणाऱ्या कितीतरी वाटा डांबरी झाल्या आहेत, आणि त्यांच्यावर तासाला चार गाड्याही जात नाहीत. वीस-पंचवीस वर्षे इथे काढून मला त्या नीट माहीत नव्हत्या!

आपला मुलूख नद्यांचा आहे. सावित्री महाबळेश्वरहून उतरते, पोलादपूरवरून महाडला येते आणि बाणकोट-हरिहरेश्वरजवळ समुद्राला मिळते. काळ आणि गांधारी याच खोऱ्यात तिला येऊन मिळतात. आजूबाजूला डोंगर असले तरी नदीने हजारो वर्षे गाळ टाकून केलेली मळी सपाट असते आणि तिच्या कडेने जाणारी वाट पायांना त्रास देत नाही. बिरवाडीच्या पुढे काळ नदीच्या अंगाने वाळणकडे एकदा जाऊन या. बिरवाडीपर्यंत कारखान्यांची वाहतूक आहे, म्हणून पाळी बदलण्याची वेळ टाळा. पुढे मात्र नदीचा आवाज, शेतातली माणसे आणि तुमच्या चेनीची किरकिर, एवढेच ऐकू येते. वाळण कोंडीत देवाचे म्हणून राखलेले मासे आहेत. तिथे कोणी गळ टाकत नाही आणि पाण्याच्या काठावर उभे राहिले तरी मासे दिसतात. पोलादपूरहून कापड्याकडे जाणारा सावित्रीच्या खोऱ्यातला रस्ताही सकाळी लवकर चांगला. महाडहून गांधारीच्या खोऱ्यातून नाते, कोंझर, पाचाडकडे जायचे असेल तर आडवार निवडा. सुट्टीच्या दिवशी गडावर जाणाऱ्यांच्या गाड्या फार.

दोन गोष्टी मात्र बजावून सांगतो. महाडजवळ सावित्रीत मगरी आहेत. हातपाय धुवायला पाण्यात उतरू नका, बाटली घरून भरून न्या. दुसरे म्हणजे कापड्याच्या पुढे आंबेनळी घाट लागतो, तिथून मागे फिरा. 28 जुलै 2018 रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील माणसांची बस त्या घाटात दरीत गेली आणि 30 जण गेले. ज्या विद्यापीठात मी शिकलो तिथली ती माणसे. तो घाट सायकलने उतरण्याची हौस मला नाही, तुम्हीही करू नका.

आता मूळ मुद्दा. तुमची मुले शाळेत कशी जातात?

गेल्या काही वर्षांत माझ्याकडे येणाऱ्या बायाबापड्यांच्या बोलण्यात पिकापेक्षा हाच विषय जास्त येतो. एका गावी भाताच्या प्लॉटवर उभा होतो. त्या घरची माउली म्हणाली, "भाऊसाहेब, पोरगी आठवी झाली. हायस्कूल पाच किलोमीटर. येष्टी सकाळी एकच, ती चुकली की दिवस गेला. सायकल घेऊन द्यावी तर हायवेवर टाकायला जीव होत नाही." तिचे काही चुकत नव्हते. मुंबई-गोवा रस्त्याचे चौपदरीकरण दहा वर्षांहून अधिक काळ रेंगाळले. रस्ता रुंद झाला तिथे गाड्यांचा वेगही वाढला आणि कडेने चालणाऱ्याला जागा उरली नाही. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीवरचा 1928 चा दगडी पूल वाहून गेला, त्यात दोन येष्टी गाड्या गेल्या. तेव्हापासून आमच्याकडच्या आयांना रस्ता म्हटले की धास्ती वाटते.

मी त्या मुलीला म्हटले, "चल, वाट शोधू." तिच्या चुलतभावाची सायकल घेऊन ती आणि मी निघालो. हायवे सोडून वाडीमागून, मळीतून, नदीकाठच्या रस्त्याने. अंतर पाचाचे साडेसहा किलोमीटर झाले. ताशी दहा-बारा किलोमीटरच्या बेताच्या चालीने पस्तीस मिनिटे लागली. एवढेच चालत गेली असती तर दीड तास लागला असता. एका ठिकाणी मात्र हायवे ओलांडावाच लागतो. सगळा धोका त्या वीस पावलांत आहे. आता तिचा बाप सकाळी दूध घालायला जाताना तिथे थांबतो आणि संध्याकाळी गावातली आणखी दोन-तीन माणसे पाळी लावतात. सुरुवातीला एक मुलगी होती, आता पाच जणी एकत्र जातात.

ही काही माझी नवी अक्कल नव्हे. बिहार सरकारने 2006 पासून नववीतल्या मुलींना सायकली दिल्या. अभ्यासकांनी नंतर मोजले तेव्हा माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांनी वाढल्याचे दिसले आणि शाळा लांब होती तिथे फरक जास्त पडला. हॉलंड देशाचे उदाहरणही आपल्याला जवळचे वाटावे. त्या मुलखाचा बराच भाग समुद्रसपाटीखालचा, आपल्या खारबंदिस्तीसारखे बांध घालून राखलेला. त्या बांधांवरून आणि कालव्यांच्या कडेने आज लोक सायकलीने शाळेत, बाजारात, कामावर जातात. पण हे आपोआप झाले नाही. 1971 साली तिथे तीन हजारांहून अधिक माणसे रस्त्यावर मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले आणि सरकारला सायकलींच्या वेगळ्या वाटा कराव्या लागल्या. आपल्याकडे वाटा आयत्या आहेत. त्या साफ ठेवल्या आणि कडेच्या करवंदीच्या जाळ्या दिवाळीपूर्वी छाटल्या तरी पुष्कळ. ग्रामसभेत हा विषय मांडायला काय हरकत आहे? कोण मांडणार म्हणून सगळे गप्प बसतात, असा माझा अनुभव आहे.

सायकल दुरुस्त करताना या गोष्टी पाहा. सीट बहुतेक ठिकाणी फार खाली असते, म्हणून गुडघे दुखतात. पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे, एवढी सीट उंच हवी. मुलांच्या बाबतीत थोडी खाली ठेवा, म्हणजे थांबताना पाय जमिनीला टेकेल. ब्रेकची रबरे झिजली असतील तर आधी ती बदला, रंग-बिंग नंतर. पावसात लोखंडी रिम ओली झाली की ब्रेक उशिरा लागतो, तेव्हा उतारावर आधीपासून हळूहळू दाबत यावे. मागच्या मडगार्डला लाल काच आणि पांढरा पट्टा असू द्या. चेन चिखलाने भरली तर धुवा, वाळवा, मग तेल सोडा. ओल्यावर तेल टाकले तर आत गंज चढतो. पुढच्या दांडीवर दुसऱ्या मुलाला बसवू नका. आम्ही बसत होतो हे खरे, पण पडतही होतो.

घरच्या बायकांनीही शिकावे. मळीतल्या सपाट रस्त्यावर आठ दिवसांत जमते. साडी अडकते म्हणून चेनकव्हर घालून घ्या. एका वहिनींनी चाळिशीत सायकल शिकून भाजी बाजाराला नेणे सुरू केले. सासूबाई आधी रागावल्या, आता त्याच कॅरिअरला टोपली बांधून देतात.

माझे म्हणाल तर साखरेची गोळी सुटलेली नाही, पण ती एकच राहिली आहे आणि पट्टा दोन भोके मागे आला आहे.

आता राहिला पावसाळा. त्या पाच मुलींच्या वाटेवर ओढ्यावरचा एक सखल साकव आहे. डोंगरात पाऊस झाला की ऊन पडलेले असतानाही तिथे पाणी चढते. मुलांना ते कळत नाही, आणि घुडघाभर वाहते पाणीही सायकलसकट ओढून नेते. म्हणून गावाने साकवाच्या खांबावर लाल रंगाची रेघ मारली. पाणी रेघेला लागले की तिथूनच परत फिरायचे, परीक्षा असली तरी. मुख्याध्यापकांनाही सांगून ठेवले. गेल्या पावसाळ्यात मुली चार वेळा परत फिरल्या. त्यांतल्या एका दिवशी दुपारी रेघेवर हातभर पाणी होते.