जिल्हा बदललेलं टेबल

बँक असो, पतसंस्था असो की विद्यापीठाचा परीक्षा विभाग, तिथला सगळा हिशोब आज कुठल्या ना कुठल्या डेटाबेसमधल्या टेबलांत असतो. टेबलं शेकड्यांनी झाली की त्यांचे गट पाडावे लागतात. या गटाला स्कीमा म्हणतात. पगाराची टेबलं एका स्कीमात, विक्रीची दुसऱ्या. टेबलाचं पूर्ण नाव मग ‘विक्री.ग्राहक’ असं होतं : टिंबाच्या अलीकडे स्कीमा, पलीकडे टेबल. एखादं टेबल भलत्याच स्कीमात पडलं असेल तर ते हलवायला एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘ऑल्टर स्कीमा ट्रान्सफर’ आणि पोस्टग्रेसमध्ये ‘ऑल्टर टेबल सेट स्कीमा’ अशी एका ओळीची आज्ञा आहे. टेबलात दहा ओळी असोत की दहा कोटी, काम चुटकीसरशी होतं, आणि म्हणूनच ते किरकोळ समजलं जातं. ही समजूत चुकीची आहे. २०१४ साली ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला तेव्हा एकही शेत जागचं हललं नाही; बदलली ती कागदोपत्री नोंद. इथंही माहिती डिस्कवर होती तिथंच राहते, सूचीतला एक उल्लेख तेवढा बदलतो. खरं काम आहे ते जुन्या पत्त्यावर येणाऱ्यांची सोय लावण्याचं, आणि ते त्या एका ओळीत कुठंच नसतं.

कोणती नाती टेबलाबरोबर जातात आणि कोणती मागे राहतात, याचा निर्णय प्रत्येक डेटाबेसने आपापल्या परीने घेतला आहे. पोस्टग्रेस टेबलाला आतून एका क्रमांकाने ओळखतं. हा क्रमांक स्कीमा बदलला तरी बदलत नाही. त्यामुळे इंडेक्स आणि बंधनं आपोआप सोबत जातात, टेबलावर बेतलेले व्ह्यू (नाव देऊन साठवलेल्या क्वेरी) बिनबोभाट चालत राहतात, दिलेल्या परवानग्याही टिकतात. पण नेहमीच्या पद्धतीने लिहिलेल्या फंक्शनचा मजकूर निव्वळ अक्षरं म्हणून साठवलेला असतो. त्यात जुनं पूर्ण नाव असेल तर ते फंक्शन पुढच्या वेळी चालेल तेव्हाच ‘असं टेबल नाही’ म्हणून अडेल. ही चूक निदान ओरडते तरी. फंक्शनमध्ये नुसतं ‘ग्राहक’ लिहिलं असेल, तर पोस्टग्रेस ठरावीक क्रमाने एकेका स्कीमात त्या नावाचं टेबल शोधतं, आणि दुसऱ्या एखाद्या स्कीमात त्याच नावाचं जुनं, चाचणीपुरतं केलेलं टेबल असेल तर तेच मुकाट्याने उचलतं. अहवाल छापला जातो, बेरीज जुळते, आकडे मात्र भलत्याच ग्राहकांचे असतात.

एसक्यूएल सर्व्हरची तऱ्हा वेगळी. तिथं हलवलेल्या वस्तूवर थेट दिलेल्या परवानग्या पुसल्याच जातात. रात्री टेबल हलवलं की सकाळी कारकुनाच्या पडद्यावर ‘परवानगी नाकारली’ उमटतं आणि फोन खणखणू लागतात. हा त्रास वाटतो खरा, पण मला यात शहाणपण दिसतं : जुन्या स्कीमाच्या मालकाच्या विश्वासावर दिलेला प्रवेश नव्या मालकाने न विचारता का मान्य करावा? प्रोसीजर किंवा व्ह्यू हलवला, तर त्याच्या साठवलेल्या व्याख्येत मात्र जुनंच नाव राहतं. म्हणून अशा वस्तू हलवू नका, काढून टाकून नव्या स्कीमात पुन्हा तयार करा, असा सल्ला मायक्रोसॉफ्टच्याच माहितीपुस्तिकेत आहे. मायएसक्यूएलमध्ये स्कीमा आणि डेटाबेस एकच. टेबलावर ट्रिगर (बदल होताच आपोआप चालणारी आज्ञा) असेल तर ते दुसरीकडे न्यायला साफ नकार मिळतो. ओरॅकलमध्ये प्रत्येक स्कीमा एका वापरकर्त्याच्या नावाचा असतो आणि टेबल सरळ हलवायची आज्ञाच नाही, सहसा निर्यात-आयात करावी लागते.

इतकी यातायात असेल तर आहे ते तिथंच राहू द्यावं, असं कोणी म्हणेल. टेबल फक्त दिसायला चुकीच्या जागी असेल तर हे म्हणणं बरोबर आहे. पण स्कीमा ही परवानग्यांची हद्दही असते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये संपूर्ण स्कीमावर वाचण्याचा हक्क दिला, की उद्या त्यात येणारं टेबलही त्या हक्कात येतं. पगाराचं टेबल विक्रीच्या हद्दीत राहिलं तर ते विक्री विभागाला वाचता येतं. पोस्टग्रेसने २०२२ साली १५व्या आवृत्तीत ‘पब्लिक’ या सर्वांना खुल्या स्कीमात कोणीही काहीही तयार करण्याची मूळची मुभा काढून घेतली, तीही सुरक्षेपोटीच.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. जुन्या नावाने एक सिनॉनिम (पर्यायी नाव) किंवा व्ह्यू ठेवला की कोणाचंच अडणार नाही, मग चिंता कसली? पूल म्हणून ही युक्ती उत्तम. मात्र पूल कायमचा ठेवला, की जुनं नाव कोण वापरतंय हे कधीच कळत नाही, आणि नवीन माणूसही सवयीने तेच वापरू लागतो. ‘शोध घेऊन सगळीकडे नाव बदलू’ हाही पूर्ण उपाय नाही. एसक्यूएल सर्व्हरची अवलंबित्वांची यादी उपयोगी आहे, पण आयत्या वेळी तुकडे जोडून तयार होणारी नावं तिला दिसत नाहीत. लेखा विभागातल्या एखाद्या संगणकावरून थेट डेटाबेसला जोडलेली एक्सेलची फाइल तर मुळीच नाही.

म्हणून पूल बांधतानाच तो कधी काढायचा हे ठरवावं आणि तोवर जुन्या नावावर येणाऱ्या विनंत्यांची नोंद ठेवावी. प्रत्यक्ष हलवताना टेबलाला काही क्षण पूर्ण कुलूप लागतं. आधीच एखादा लांबलचक अहवाल चालू असेल तर आज्ञा त्याच्यामागे थांबते आणि नंतर आलेले सगळे तिच्यामागे खोळंबतात. तेव्हा वेळ रात्रीची धरावी आणि थांबण्याला मर्यादा घालावी. पोस्टग्रेस किंवा एसक्यूएल सर्व्हरमध्ये हलवणं आणि पूल बांधणं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये उरकावं. मध्येच बिनसलं तर सगळं पूर्ववत करता येतं. पूल काढायचा तो आधी परवानगी काढून घेऊन, कारण कोणी ओरडलं तर ती मिनिटभरात परत देता येते. आणि काढायची तारीख ३१ मार्चनंतरचीच ठेवावी. वर्षातून एकदाच चालणारे बरेच अहवाल त्या सुमारास बाहेर येतात.